पॉलिशचे एकतीस हात

न्यायालयाच्या उंबरठ्याच्या आत फरशीवर पाव वर्तुळाचा एक ओरखडा होता. सुरुवातीला केसासारखा बारीक, आणि दार भिंतीला टेकायचं तिथे नखाइतका खोल. म्हणजे फरशी भिंतीकडे किंचित चढती होती. एकोणीस वर्षं ते दार उघडणाऱ्या दारवानबाईंना तो तळहातावरच्या रेषेसारखा ओळखीचा होता. ओरखडा अजून जागेवर होता. दार मात्र आठ महिन्यांपूर्वी गेलं होतं.

ते नेलं बांधकाम खात्याने, वाळवीच्या संशयावरून. वाळवी लागली होती ती दुसरीकडेच. राज्यप्रमुखांना सगळे मालक म्हणत, आधी चेष्टेने, मग सवयीने आणि हल्ली इकडेतिकडे बघून. मालकांची पाच वर्षांची मुदत संपत आली, तेव्हा त्यांनी हुकूम काढला की निवडणूक पुढे ढकलली आहे, आणि का असं विचारणाऱ्याला चौकशीविना आत ठेवता येईल. त्याविरुद्ध अर्ज आला. न्यायमूर्तीबाईंनी तो ऐकला, निकाल लिहिला, पाकिटावर लाखेचं सील केलं. आता फक्त वाचायचा राहिला होता. पण घटनेत एक जुना नियम होता: न्यायालयाचं दार उघडून न्यायाधीशाने स्वतःच्या तोंडाने सांगितला, तरच तो निकाल. न्यायमूर्तीबाईंना हात लावला असता तर जगभर बोभाटा झाला असता. दाराला हात लावला, तर कोण ओरडणार?

खात्याच्या साहेबांना दार कधी येणार असं कितीदाही विचारा, ते ‘लवकरच’ म्हणत. त्यांचं नावच लवकरच पडलं.

दारवानबाईंचा धाकटा भाऊ बुकबाइंडर. राज्यघटनेच्या शाळकरी प्रती त्याने बांधल्या, प्रत्येकीत रेशमी फीत घातली, आणि प्रत्येक प्रत नेमकी मुदतीच्या कलमापाशीच उघडू लागली. ते पान पुस्तकाच्या बरोबर मधोमध येतं, त्याला मी काय करू, असं त्याने पोलिसांना सांगितलं. पोलिसांनी पानं मोजली. मधोमधच निघालं. तरी आत टाकलं. त्याला आता नऊ महिने झाले होते, आणि भावजय रोज संध्याकाळी फोन करून एकच विचारायची, दार आलं का. एकदा दारवानबाई वैतागून म्हणाल्या, ते काय चालत येणार आहे? भावजय म्हणाली, मग तुम्ही जा ना चालत.

दर सोमवारी न्यायमूर्तीबाई येत, रिकाम्या चौकटीकडे बघत, सुस्कारा सोडत आणि पुढची तारीख देत. दारवानबाईंच्या लक्षात आलं होतं की हा सुस्कारा महिन्यागणिक आखूड होत चाललाय. दुःखाचा सुस्कारा इतक्या लवकर आटोपत नाही. हा सुटकेचा होता.

आणि आज न्यायमूर्तीबाई निवृत्त होणार होत्या. पाच वाजले की सीलबंद पाकीट रद्दी. खटला पहिल्यापासून नव्या न्यायाधीशासमोर, आणि नवा न्यायाधीश मालकांचा साडू.

दुपारी दारवानबाई मागच्या गल्लीतल्या सरकारी सुतारखान्यात गेल्या. महिन्यातून एकदा जातच असत. दाराला दोन्ही बाजूंना चार लोखंडी कड्या होत्या, आणि त्यांना तेल द्यायचं काम त्यांचं होतं. दार कुठे आहे यावर ते अवलंबून नव्हतं. दार भिंतीला टेकून उभं होतं आणि मिस्त्री त्याला पॉलिश करत होते. दार तयार होऊ द्यायचं नाही असा त्यांना तोंडी हुकूम होता, आणि रिकामं बसायचं नाही असा लेखी. म्हणून आठ महिने पॉलिश. एकतिसावा हात चालू होता. आता त्यात बघून दाढी करता येते, मिस्त्री कडवटपणे म्हणाले. मग त्यांनी विचारलं, या कड्या कशाला हो? दाराला कोण टांगतं?

“गाडीला बांधायला,” दारवानबाई तेल लावता लावता म्हणाल्या, आणि त्यांचा हात थांबला.

हे त्यांना मावशीने सांगितलं होतं. मावशी त्यांच्या आधीची दारवान. घटना नवी होती तेव्हा न्यायालयाला इमारतच नव्हती. न्यायाधीश बैलगाडीतून गावोगाव फिरायचे, बरोबर हे दार. मोकळ्या मैदानात दोन खांब रोवून त्यावर चढवायचं, उघडायचं, की झालं न्यायालय. नियम तेव्हाचा. तो सगळ्यांच्या लक्षात होता. गाडी कुणाच्याच नव्हती. मालकांच्या माणसांना वाटलं, आपण न्यायालयाचं दार काढून नेलं. त्यांनी न्यायालयच उचलून सुतारखान्यात आणून ठेवलं होतं.

“मिस्त्री, दोन खांब आणि तुमच्या बिजागऱ्या,” दारवानबाई म्हणाल्या. “चार वाजेपर्यंत.”

“तयार होऊ द्यायचं नाही म्हणालेत.”

“तयार कुठे म्हणतेय मी? नुसतं उभं करा. पॉलिश चालू राहू द्या.”

मिस्त्रींना हे पटलं.

न्यायमूर्तीबाई खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होत्या. दारवानबाईंनी कड्यांचं सगळं सांगितलं. न्यायमूर्तीबाईंनी मान हलवली, आक्षेप काढला, दुसरा काढला, मग दुखऱ्या गुडघ्याचा तिसरा.

“बाईसाहेब,” दारवानबाई म्हणाल्या, “दार नाही हे आठ महिने खरं होतं. आजपासून ती सबब आहे.”

न्यायमूर्तीबाईंनी खोक्यातली पुस्तकं परत बाहेर काढली. मग त्यांनी खोक्याच्या तळातून आपला काळा झगा काढला. तो सगळ्यात खाली होता, म्हणजे सगळ्यात आधी भरलेला.

साडेचारला सुतारखान्यात भुश्शावर दार उभं होतं. दारवानबाईंनी ते उघडलं. ते भुश्शाला घासलं, आणि त्यांना फार बरं वाटलं. “दार उघडं आहे, कोणीही आत यावं,” असं त्यांनी रोजच्या आवाजात पुकारलं. सुतार एकेक करून आत आले. न्यायमूर्तीबाई रंधा मारायच्या बाकावर बसल्या.

तेवढ्यात लवकरच साहेब धापा टाकत पोचले. ते दाराला वळसा घालून येणार, तोच दारवानबाई आडव्या आल्या.

“हे बेकायदेशीर आहे,” साहेब म्हणाले. “माझी हरकत आहे.”

“हरकत न्यायालयात घेतात, साहेब. न्यायालय दाराच्या आत असतं.”

साहेबांनी दाराकडे पाहिलं, डावीकडच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, उजवीकडच्या पाहिलं. मग पाय पुसून दारातून आत आले.

“बांधकाम खातं न्यायालयात हजर,” न्यायमूर्तीबाईंनी नोंद केली. “न्यायालय इथेच आहे, हे खात्याला मान्य असल्याचं दिसतं. हरकत काय होती?”

साहेबांनी तोंड उघडलं. हाताला काहीतरी चिकटलं म्हणून तळवा पाहिला. पॉलिश अजून ओलं होतं.

“लवकरच सांगतो,” ते म्हणाले.

मागे एक सुतार फसकन हसला. न्यायमूर्तीबाईंनी लाख फोडली. आतला कागद बाहेर काढला. त्यांनी तो उलटा करून मांडीवर ठेवला, चष्मा काढला आणि उघड्या दारातून गल्लीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“हुकूम घटनाबाह्य आहे. आजपासून नाही, काढला त्या दिवसापासूनच रद्द. राहिलेली निवडणूक लगेच घ्या. आणि या हुकुमाखाली आत ठेवलेल्या प्रत्येकाला, बुकबाइंडरसकट, आज संध्याकाळच्या आत सोडा.”