काचेवरचा चमचा

दाताळ्याच्या दात्यात अडकलेलं मेपलचं एक पान, ओलं, पिवळं, देठाशी अजून लालसर… ते काढायला मार्लिस वाकली आणि काढायचं विसरून नुसती पाहतच राहिली. काल चर्चमधून येताना हीच पानं तिनं तुडवली होती. रविवारी दाताळ्याला हात लावायचा नाही, हे सासर-माहेरचंच काय, अख्ख्या गल्लीचं ठरलेलं. उद्या सकाळी नगरपालिकेची पानं ओढून नेणारी गाडी येईल, यंदाची शेवटची फेरी. म्हणजे काय ते आजच.

आणि संध्याकाळी उत्तर विचारायला जोआनचा फोन येणार. गेल्या आठवड्यात ती म्हणाली होती, "आई, बाबा तुलासुद्धा ओळखत नाहीत गं. त्या शुश्रूषागृहात एक खोली रिकामी झालीय. सोमवारी काय ते सांग." लेकीचं चुकतं तरी कुठे? जूनमध्ये झटका आल्यापासून गेरिटच्या तोंडून शब्द फुटलेला नाही. उजवी बाजू गेली. डाव्या हातात चमचा दिला की तो वाजवत बसतो — ताटावर, खुर्चीवर, कशावरही. आत किती कळतं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिनं खिडकीकडे पाहिलं. निळा स्वेटर, एका बाजूला कललेली मान. आज पेजेचा चमचा काढून घ्यायचा राहिलाच.

"मार्लिस, किती खरवडशील?" कुंपणापलीकडून शेजारचा व्हर्न ओरडला. "माझं मशीन ने. तुझं आवरेपर्यंत बर्फ पडेल!"

"नको रे बाबा. गेरिट बघतोय."

सवयीनं निघून गेलं तोंडातून. व्हर्ननं खिडकीकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. पानं उडवणाऱ्या त्या मशीनला गेरिट केस वाळवायचं यंत्र म्हणायचा. "व्हर्न, पानांचा भांगही पाड की आता!"

एक्केचाळीस शरद ऋतू तिनं त्याचे हुकूम ऐकले. वाऱ्याच्या दिशेनं ओढ. ढीग लहान कर. ताडपत्री आधी अंथर, मग पानं… पानं पाडणारं झाड, गोळा करणारी मी, आणि अक्कल शिकवणारा हा! चहा ठेवायचं निमित्त करून मी आत पळायचे, खरं सांगायचं तर त्याचं बोलणं टाळायला. आता वाटतं, चहा थोडा उशिरा ठेवला असता तर काय बिघडलं असतं.

ताडपत्री भरली. ती फरफटत नेऊन तिनं रिकामी केली आणि पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

ठक. ठक ठक ठक.

काचेवर चमचा. वाजवू दे, तिनं मनात म्हटलं. पण आवाज थांबेना, उलट वाढला — आणि मग तिचं लक्ष पायांकडे गेलं. ढीग रस्त्यावर होता. पदपथाच्या पलीकडे गवताची पट्टी असते, पानं तिथं ठेवायची. रस्त्यावर ठेवली तर पावसात गटाराचं तोंड बुजतं. हे शेवटचं काम दरवर्षी तो स्वतःच करायचा, कारण ती हमखास चुकायची आणि तो ओरडायचा, "अगं, रस्त्यावर नको! कितीदा सांगायचं तुला!"

तिनं भराभरा सगळा ढीग मागे, गवतावर ओढला. ठकठक थांबली.

की चमचाच गळून पडला? इथून दिसत नव्हतं. देवा, तो चिडला असेल तर तुझे उपकार. माझ्यावरच चिडला असेल तर तुझे फार उपकार. डोळे पुसायला हात नेला तर हातमोज्याची माती गालाला लागली.

पुढचे ढीग तिनं नीट पट्टीवर घातले. चमचा गप्प होता. शेवटचा ढीग राहिला, लहानसा. तिनं ताडपत्री ओढली, पदपथ ओलांडला, गवताची पट्टीही ओलांडली आणि जाणूनबुजून पानं रस्त्यावर ओतली.

खिडकीकडे पाठ करून, ठकठकीची वाट बघत ती उभी राहिली. मघाचं ते एकच रागावणं मिळालं असलं, तरी ते मिळालं होतं. ते आता कुणी डॉक्टर, कुणी जोआन काढून घेऊ शकत नव्हतं. वाऱ्यानं दोनचार पानं गटाराकडे सरकली. तिनं ती अडवली नाहीत.

रागव रे, ती पुटपुटली. सावकाश रागव. मी काही आत पळत नाही.