तानूबाईंचा हात

आमलीतल्या हार्डवेअरच्या दुकानावरील खोलीत दर रविवारी संध्याकाळी ख्रिस्ती उपासना भरे, आणि महिन्यातून एकदा तेथे नाशिकहून अभिजीत नावाचे उपदेशक येत. देवाची कृपा विनामूल्य आहे, हे ते पहिल्याच वाक्यात सांगत. उरलेला तास ती किती सहज हातची जाते, हे पटवण्यात घालवत. शेवटी विचारत, "आज मरण आलं तर तारणाची खात्री कोणाला नाही? हात वर करा." हात वर होत. त्या हातांचे छायाचित्र निघे. प्रत्येक वेळी तेच हात वर का होतात, हा प्रश्न त्यांच्या विद्वत्तेला कधी शिवला नाही.

त्या छायाचित्रांत तानूबाई हमखास असत. नवापूरकडून येऊन त्या खडोलीच्या धागा कारखान्यात पॅकिंगला लागलेल्या. तोंड फटकळ. शिवी गेली की तारण गेले, अशी त्यांची समजूत होती, आणि अभिजीतांनी ती जपली होती.

या रविवारी मात्र त्या घाबरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे पित्ताशयाचे ऑपरेशन होते, आणि येतानाच रिक्षावाल्याशी वाजले होते. गीत सुरू असताना त्या नवनाथांजवळ सरकल्या. नवनाथ कारखान्यात फिटर. या खोलीतली मंडळी तेच सांभाळत.

"भाऊ, माझं तारण गेलं."

"कधी?"

"आत्ताच, नाक्यावर. रिक्षावाल्याला आईवरून दिली."

"एकच?"

"मस्करी नको. उद्या पोट फाडतायत. शुद्धच आली नाही तर?"

नवनाथ त्यांच्याकडे वळले. "तानूबाई, दमणगंगेत तुम्हाला बाप्तिस्मा कोणी दिला?"

"तुम्हीच की."

"पाण्यातून वर आल्या आल्या पहिला शब्द कोणता काढलात?"

तानूबाईंनी तोंडाला पदर लावला. "थंडी किती होती! नाकात पाणी गेलं होतं."

"मला दिलीत, माझ्या बापालाही दिलीत. काठावर सगळ्या मंडळीनं ऐकलं. मग येशूनं काय केलं, परत पाठवलं?"

"नाही."

"कशा आहात ते बघूनच घेतलंय त्यानं. आता एका रिक्षावाल्यापायी सोडेल?"

"म्हणजे शिव्या चालतील?"

"नाही चालणार. त्या रिक्षावाल्याची माफी मागा. पण तारण मिळावं म्हणून नाही, मिळालंय म्हणून."

या एका मुद्द्यावर युरोपात रक्त सांडले आहे आणि ग्रंथालये भरली आहेत. तानूबाईंना गीताचे एक कडवे पुरले.

अभिजीत नेहमीच्या प्रश्नावर आले. मोबाइल सरसावला, हात उठले. तानूबाईंचे हात मांडीवरच राहिले.

"ताई, तुम्ही? उद्या ऑपरेशन ना?" सरावाने कमावलेली करुणा स्वरात ओसंडत होती.

"हो."

"तरी खात्री आहे?"

"आहे."

"कशावरून?"

"माझ्यावरून नाही, साहेब. त्याच्यावरून." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "प्रार्थना आटपा आता. रात्री काही घ्यायचं नाही म्हणालेत डॉक्टर, आणि खाली चहा उकळतोय."

खोली हसली. शेजारच्या सरिताने वर केलेला हात खाली घेतला आणि तानूबाईंना जिन्यापर्यंत वाट करून दिली. खाली तानूबाईंनी चहा बशीत ओतून सावकाश प्यायला, आणि आले कमी पडले म्हणून चहावाल्याला टोकले. शिवी न देता.