लिनबाईंचं पथ्य

“नाडी उत्तम आहे, मिस्टर देवस्थळी. नव्वदी सहज गाठाल,” मनगट सोडत लिनबाई म्हणाल्या.

मुरलीधर नुसते “हं” म्हणाले. त्यांची बायको शैला जाऊन आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत त्यांना ना धड रडू आलं होतं, ना भूक मेली होती.

इंग्लंडात, लेस्टरच्या हॉस्पिटलात तीस वर्षं एक्स-रे काढलेला हा माणूस. साठीला छातीत कळ आली, तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून बेलग्रेव्ह रोडमागच्या या चिनी दवाखान्यात आला. लिनबाईंनी तेव्हा समजावलं होतं, की माणूस जन्मतःच मूत्रपिंडात सत्त्व घेऊन येतो, दिव्यातल्या तेलासारखं. वय झालं की ते जपावं, शय्यासुखात संयम ठेवावा.

मुरलीधरांना हे नवीन नव्हतं. लहानपणी तालमीतल्या वस्तादांनी ब्रह्मचर्याचं बाळकडू पाजलंच होतं. शिवाय पथ्य पाळायचं तर कडकडीत, हा त्यांचा खाक्या; मधुमेह नसताना साखर सोडलेला गृहस्थ! त्याच आठवड्यात ते उशी घेऊन बॉक्सरूममध्ये, घरातल्या अडगळीच्या छोट्या खोलीत, झोपायला गेले. त्यांना शैलाबरोबर खूप वर्षं जगायचं होतं, एवढंच.

“मी घोरतो. तुझी झोपमोड होते,” त्यांनी शैलाला सांगितलं. खरं सांगायची लाज वाटली.

“मी कधी तक्रार केली का?” शैला म्हणाली. त्यानंतर चौदा वर्षं हा विषय घरात निघाला नाही.

“तुमचं पथ्य एकदाही मोडलं नाही मी,” आज ते लिनबाईंना म्हणाले आणि खाली बघत बॉक्सरूमचं सांगून टाकलं.

बाईंनी चष्मा काढला. “मी कमी करा म्हटलं होतं. महिन्यातून एकदा चाललं असतं. आणि शेजारी झोपू नका, असं मी कधीच म्हटलं नव्हतं.”

“बरं,” मुरलीधर म्हणाले. काढ्याची पुडी घेऊन ते बसने घरी आले.

घरी त्यांची मुलगी देविका शैलाच्या साड्या पिशव्यांत भरत होती.

“बाबा, आता तुम्ही इथे झोपा ना. आईची रूम किती मोठी आहे.”

“बघू.”

“आई मला एकदा म्हणाली, बाबांना मी आता आवडत नाही. इज दॅट ट्रू?”

मुरलीधरांनी तोंड उघडलं. चौदा वर्षांचं उत्तर तयार होतं.

“मी घोरतो गं,” ते म्हणाले.

देविकाने धुवायला टाकण्यासाठी चादर ओढून काढली. खिडकीकडच्या बाजूला, शैला झोपायची तिथे, दहा वर्षांपूर्वी घेतलेली गादी खोलगट झाली होती. मुरलीधर दुसऱ्या बाजूला बसले. ती बाजू अजून दुकानातून आणल्यासारखी ताठ होती.