इंदापूर तेवढं राहिलं

“दाजी, नाव बदलू का? तुमी व्हय म्हणल्याबिगर मी हात लावणार न्हाय.”

फिरोजने कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. इंदापूरच्या कॉलेजातली ती खोली गार होती. काचेपलीकडे कपाटांसारख्या उभ्या कॉम्प्युटरच्या मशिनी घरघरत होत्या. पडद्यावर कामांची रांग. त्यात चौथं नाव राजेश्वरीचं, माझ्या बायकोचं.

राजेश्वरी बारामतीच्या कॉलेजात नोकरीला होती. फिरोज तिच्या हाताखाली शिकला, तिला ताई म्हणायचा; आता इंदापूरच्या मशिनी तोच बघायचा. बारामती, पुणे, इंदापूर, तिन्हीकडे अशा मशिनी. पण प्रत्येकीची काम घ्यायची रीत वेगळी. माणसाने काम एकदाच सांगावं आणि जिथे जागा असेल तिथे ते तिथल्या रीतीने जावं, असा प्रोग्राम ती लिहीत होती. मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात ऊसतोडीचे नंबर लावतो; तोडीच्या चिठ्ठ्या चिटबॉय वाटतात. मला म्हणाली होती, “तुमच्यासारखंच हाय की. फक्त कारखाने तीन, आन् तिघांचे चिटबॉय एकमेकांशी बोलत न्हाईत.”

बारामतीत काम चाललं, पुण्यात चाललं. इंदापूरची मशीन मात्र दर वेळी ते परत पाठवायची. दवाखान्यात सलाईन लावलेल्या हाताने तिने शेवटची दुरुस्ती केली आणि चाचणीचं काम इंदापूरच्या रांगेत टाकलं. मशीन तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होती. “इंदापूर तेवढं राहिलं बघा,” म्हणाली. मशीन सुरू व्हायच्या आत ती गेली.

आता रांग हलली होती, आणि आजच तिचं मशिनीवरचं खातं बंद करायचा साहेबांचा हुकूम होता. खातं बंद झालं की त्यावरचं काम रद्द.

“साहेबाला सांग की, एक दिस थांबा म्हणून.”

“दोनदा सांगितलं. ऐकत न्हाईत.” फिरोज खाली बघत म्हणाला. “माझ्या नावावर घेतलं तर नंबर त्योच राहतो. पण ताईचं नाव कुठंच दिसणार न्हाय. उद्या लोक म्हणतील, फिरोजनं केलं. मला त्ये बरं वाटत न्हाय, दाजी.”

आमच्याकडे सभासद वारला की उसाची नोंद वारसाच्या नावावर होते. लागणीची तारीख तीच राहते, म्हणून तोडीचा नंबरही. मागे राहिलेल्या बायका खोडलेल्या नावाकडे बघत बसतात. मग आपणच म्हणतात, करा सायेब, ऊस उभा हाय.

मी त्या नावाकडे बघत बसलो.

“बदल,” म्हणालो. “ऊस उभा ठेवत न्हाईत.”

राजेश्वरीच्या जागी फिरोज आला. आम्ही चहा मागवला.

“ताई मला लई बोलायची,” फिरोज म्हणाला. “म्हणायची, मशिनीला नावं ठिवू नगं, तिला काय पायजे त्ये इचार.”

“मला बी हेच म्हणायची. मी आईशी भांडलो की.”

दोघेही हसलो.

तिच्या नावावरचं काम पुरं झालं की तिच्या फोनवर घंटा वाजायची. भाकरी थापताना ती पिठाच्या हातानेच धावायची. तो फोन माझ्या खिशात होता. रोज चार्जिंगला लावतो.

घंटा वाजली. माझा हात खिशाकडे गेला.

“चाललं, दाजी!” फिरोज स्वतःचा फोन हातात धरून उभा होता. डोळे भरले होते त्याचे. “इंदापुरात बी चाललं!”

मी तिचा फोन काढून बघितला. त्यावर काहीच आलं नव्हतं. बॅटरी भरलेली होती.