मुकी करवत

अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठावर पुरुष लाकूड तोडतात आणि बायका ऐकतात. रानात चेनसॉची, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवतीची, घरघर चालू आहे तोवर घरातले हातही चालू. ती थांबली की हात थांबतात. किती वेळ थांबायचं, याचं लेम्पीचं माप ठरलेलं होतं: कॉफीचं आधण ठेवून ती कपात पडेपर्यंत. तेवढ्यात घरघर पुन्हा सुरू झाली नाही, तर बूट चढवायचे. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं बूट दोनदाच चढवले. एकदा करवतीची साखळी निसटली होती, आणि एकदा आर्वो, म्हणजे तिचा नवरा, ब्लूबेरीच्या झुडपात बसून ओंजळी भरभरून खात होता. त्या दिवशी तिनं त्याला जे सुनावलं ते त्याला अजून पाठ होतं.

आर्वोची ती तांबडी करवत तीस वर्षांची. दहादा दोरी ओढावी तेव्हा धूर ओकत सुरू व्हायची आणि मधूनच म्हाताऱ्यासारखी खाकरायची. यंदा पानगळीच्या सुमाराला आर्वोच्या खांद्यानं संप पुकारला. डॉक्टरनं दोरी ओढायला मनाई केली, तेव्हा लेम्पीनंच त्याला दामटून ट्रेवारोच्या करवतींच्या दुकानात नेलं.

"ही मोठी घ्याल तर नातवंडांना पुरेल," ट्रेवारो म्हणाला. "पण ती रोज आठ तास रानात राबणाऱ्यांची. तुम्हाला शेगडीपुरती लाकडं हवीत, एवढं धूड कशाला वागवता? आणि ती दुसरी, स्वस्तातली, दोन हिवाळ्यांत मान टाकेल. मग सुटे भाग मागत माझ्याकडेच याल, आणि तिचे सुटे भाग मिळत नाहीत." त्यानं बॅटरीवरची करवत पुढे केली. चौदा इंची पातं, वजनाला हलकी, दोरी नाही, धूर नाही. सोबत दोन बॅटऱ्या, आणि जुनी करवत दिली तर चाळीस डॉलर कमी.

"बॅटरीवरची?" आर्वो म्हणाला. "मला झाडं पाडायचीत, दाढी नाही करायची."

"तुझी दाढीसुद्धा कुणीतरी करायला हवीच आहे," लेम्पी म्हणाली. "घे गुमान."

ट्रेवारोनं ती चालवून दाखवली; आवाज असून नसल्यासारखा. लेम्पी खूश झाली, जुनी तिथंच देऊन टाकली. त्या जुनीनं तीस वर्षं तिचं डोकं उठवलं होतं. तिघांचाही जन्म रानाच्या कडेला गेलेला, पण जे सुचायला हवं होतं ते तिथं एकालाही सुचलं नाही.

लेम्पीला ते दुसऱ्या दिवशी भांडी विसळताना सुचलं. आर्वो रानात गेला होता आणि तिला काहीच ऐकू येत नव्हतं. करवत चालू आहे की थांबली, कळायला मार्गच नव्हता. पण वस्तू तिनं स्वतः हट्टानं घेतलेली, आता नावं कोणत्या तोंडानं ठेवणार? "बाराला जेवायला ये," एवढंच ती रोज बजावू लागली आणि बारा वाजेपर्यंत जीव मुठीत धरून बसू लागली.

चौथ्या दिवशी ती राय धान्याच्या पावाचं पीठ मळत होती. साडेदहा झाले असतील. रानातून घरघर आली, मधेच खाकरली, पुन्हा सुरू झाली.

"लबाड कुठला!" लेम्पी पिठाला म्हणाली. "माझ्या नकळत परत आणली होय रे!" राग आला खरा, पण चार दिवसांत पहिल्यांदाच तिचे हात सैल पडले. ती मळत राहिली.

मग हळूहळू तिच्या लक्षात आलं की आवाज जाड होत नाहीये. करवत लाकडात शिरली की आवाज जाड होतो, जड होतो. ही नुसतीच फिरत होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. आणि पेट्रोलच्या थेंबाथेंबासाठी जीव टाकणारा आर्वो अर्धा तास करवत रिकामी फिरवील? लेम्पीनं पिठाच्या हातांनीच बूट चढवले.

आर्वो ओढ्याकडे जाणार होता. आवाज मात्र दलदलीच्या बाजूनं येत होता. ती ओढ्याकडे वळली की तो बारीक व्हायचा, दलदलीकडे वळली की वाढायचा. ओढ्याचा नाद सोडून ती आवाजामागे गेली. दलदल ओलांडली तेव्हा आवाज इतका जवळ आला की दातांत जाणवत होता. पण हवेत पेट्रोलचा वास नव्हता, धूर नव्हता. होता तो फक्त ताज्या बर्फाचा वास. एका वाकलेल्या बर्चच्या झाडाला वळसा घालून ती पुढे झाली आणि आवाज तुटला.

समोर आर्वो पडला होता. मेपलचं खोड त्याच्या मांडीवर, ओठ निळे. हात पोचणार नाही इतक्या अंतरावर नवी करवत बर्फात पडली होती, तिचा हिरवा दिवा चालूच.

आर्वोनं डोळे उघडले. "बंद का केलीस?" तो पुटपुटला. "तिच्या आवाजावरच तर जागा होतो."

 लेम्पीनं नवी करवत उचलली. जुनीची दोरी तिला जन्मात ओढता आली नसती. हिचं बटण दाबलं आणि खोड कापून तिनं नवऱ्याला मोकळं केलं. मग अंगातला कोट त्याच्यावर टाकून ती फोनला रेंज मिळेपर्यंत पळत सुटली.

आर्वोची मांडी मोडली होती, पण माणूस वाचला. दहा दिवसांनी लेम्पी ट्रेवारोकडे जुनी करवत मागायला गेली.

"ती?" ट्रेवारोनं फळीवरून एक खोकं काढलं. "तुम्ही दिलीत त्याच संध्याकाळी उघडली मी. टाकी कोरडी केली, प्लग काढला. पातं, साखळी दोन्ही विकली. हे नुसतं धूड राहिलंय, लेम्पी. चालायची नाही आता."

"असू दे. मला ती घरात हवीय."

तिनं ती स्वयंपाकघरात खिडकीपाशी ठेवली. कुबड्या टेकत आर्वो आला, बसला आणि त्यानं करवत चाचपून पाहिली.

"साखळी नाही हिला," तो म्हणाला.

"नाही," लेम्पी म्हणाली. "म्हणूनच आवाज जाड होत नव्हता."

आर्वोनं हातातला कप खाली ठेवला. त्या दिवसापासून दोघांपैकी कुणीही करवतीकडे पाठ करून जेवायला बसलं नाही.