शुक्रवारचा सण

शुक्रवारी दुपारचं जेवण उरकलं की नरेंद्र घरभर फिरायला लागायचा. अंबरनाथ पश्चिमेच्या दोन खोल्यांत फिरणार तरी किती? कॉम्प्युटरपासून मोरीपर्यंत, मोरीपासून मीटरपर्यंत. कारखाना सोडून तो आता इंग्लंडच्या कॉलिनसाठी किचनच्या कपाटांची ड्रॉइंग काढायचा. शुक्रवारी तिकडे ऑफिस उघडलं की नेमकी इकडे लाइट जायची, ती संध्याकाळपर्यंत गुल.

कॉलिननं बजावलं होतं, पुन्हा शुक्रवारी ड्रॉइंग वेळेत आलं नाही तर काम फिलिपिन्सला, मनिलाला जाईल. लाइट नाही म्हणावं, तर सुरुवातीला यानंच छाती ठोकून ‘ऑफिसात जनरेटर आहे’ सांगून ठेवलेलं.

मोबाइल वाजला. कॉलिनच.

"सर, टुडे इज अवर फेस्टिवल. भारनियमन. एव्हरी फ्रायडे. नो लाइट, नो मशीन. ओन्ली कॅण्डल. होल फॅमिली सिटिंग टुगेदर."

त्याची बायको भावना भांडी घासता घासता थांबली. "अहो, आपल्या घरात कधी नारळ फुटला नाही, हा सण कुठनं काढला?"

फोनवर हात ठेवून तो म्हणाला, "गप. कुठला देव, विचारतोय."

"वायरमन सांगा."

"नो गॉड, सर."

कॉलिन हरखला. शुक्रवारची सुट्टी दिली, बदल्यात शनिवार मागितला. पुढच्या शुक्रवारी तर त्याच्या अख्ख्या ऑफिसनं दिवे मालवले, मेणबत्त्या लावल्या आणि फोन करून शुभेच्छा दिल्या. नरेंद्रनं "सेम टु यू" म्हटलं आणि उशीत तोंड खुपसून हसला.

सोमवारी लाइटवाल्यांनी वेळापत्रक बदललं. आता मंगळवार. नरेंद्र परत मोरी ते मीटर.

"आता काय सांगू त्याला?"

"तिथीवर असतो म्हणा. सरकतो."

कॉलिनला तेही पटलं. फक्त, सुट्ट्या आधी माहीत हव्यात म्हणून त्यानं वर्षभराच्या तारखा मागितल्या, आजच्या आज. नाहीतर मनिला आहेच.

नरेंद्र चपला सरकवून लाइट ऑफिसच्या खिडकीवर गेला.

"साहेब, वर्षभराचं भारनियमन कधी कधी आहे?"

आतल्या क्लार्कनं मान वर केली. "वर्षभराचं? मला उद्याचं माहीत नाही. तुम्हाला कशाला पाहिजे?"

"इंग्लंडात सुट्टी द्यायचीय."

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा गपकन थांबला.

"घ्या, आजची लिहून घ्या."

बाहेर पायरीवर बसून नरेंद्रनं वर्षभराच्या तारखा मनानंच भरल्या. भरून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. उरलेल्या दिवशी लाइट गेली, तर कुठला सण सांगायचा?