दुसरं टोक

रविवारी सकाळी मानपाड्यातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खांबाला लाल दोराची गाठ मारलेली आणि चार धट्टेकट्टे पुरुष घामाघूम होऊन दोर ओढताहेत. गाठ ढिम्म हलेना.

"ओढा! सात जन्मांचं कर्म आहे, वाण्याच्या पुडीचा दोरा नव्हे!" ग्रंथीमोचन महाराज गरजले. मग त्यांनी डोळे मिटले, उपरण्याआड करंगळी हलवली आणि गाठ फुलासारखी गळून पडली.

"माझी गाठ कालच सुटली, कंबरदुखी पळाली!" दोर ओढणाऱ्यांतला कमलेश कंबर चोळत ओरडला.

"आता मी," म्हणत अण्णा पुढच्या खुर्चीत जाऊन बसले. मंगळवारी त्यांची बायपास होती. "गाठ सुटली तर हॉस्पिटलला नको म्हणून कळवायचं," असं त्यांनी बायकोला, प्रमोदिनीताईंना, घरीच बजावलं होतं. आणि गाठ तर सगळ्यांचीच सुटत होती.

प्रमोदिनीताईंचा संकष्टीचा उपास कधी चुकला नाही, रोजचा जपही नाही. महाराजांवर शंका घ्यायची म्हणजे त्यांना पापच वाटत होतं. पण ही तीन वेटोळ्यांची गाठ त्यांच्या ओळखीची होती! लेक क्षिप्रा गिर्यारोहणाच्या परीक्षेसाठी महिनाभर देवघरातल्या चौरंगाच्या पायाला दोर बांधून सराव करत होती. "आई, जरा ओढ गं," म्हणायची. आईच्या एका हातात माळ, दुसऱ्यात दोर. एकदा जपाच्या नादात त्यांनी भलतंच टोक ओढलं आणि अख्खी गाठ मांडीवर आली. क्षिप्रा हसत सुटली होती. "अगं, ते सोडायचं टोक!"

महाराजांनी अण्णांसाठी नवी गाठ मारली. चौघांनी हाती दिलेलं टोक इमानदारीत धरलं.

"महाराज, मी हातभार लावू का?" प्रमोदिनीताईंनी हळूच विचारलं.

"अवश्य, माउली! अर्धांगिनीचा हक्कच आहे!"

प्रमोदिनीताई चौघांना वळसा घालून गेल्या, महाराजांचं उपरणं अलगद बाजूला केलं आणि तिथलं टोक दोन बोटांनी ओढलं. गाठ गळाली. चौघे धाडकन उताणे पडले.

"माउली, तुम्हाला सिद्धी आहे!" महाराज शिताफीने म्हणाले.

"सिद्धी कसली हो! आमची क्षिप्रा रोज बांधते."

गर्दीतून क्षिप्रा पुढे आली. "या टोकाला माणूस लटकला तरी गाठ धरते. त्या टोकाला झटका दिला की सगळी सुटते. बस्, एवढंच!" मग तिने त्याच दोराने खांबाला गिर्यारोहकांची आठाची गाठ मारली. चौघांनी ओढून पाहिली. "आता ही सोडा, महाराज. करंगळीने."

महाराजांनी करंगळी लावली, मग अंगठा, मग दोन्ही हात. शेवटी कपाळ पुसत म्हणाले, "ही गाठ नास्तिक आहे."

हॉल खदखदून हसला. अण्णांनी मात्र बायकोकडे पाहिलं. "मग माझं कर्म गं?"

"अहो, तुमच्या तीन नळ्या तुंबल्यात. त्यांना वळसा घालून डॉक्टरच नवी वाट काढतील. मी आहे ना बाहेर जप करायला."

आणि मंगळवारी तसंच झालं. आत डॉक्टर, बाहेर माळ. आता अण्णा रोज जिना उतरून फिरायला जातात.

देवाला हात खुशाल जोडा. पण चमत्कार दाखवणारा तुमच्या हाती एकच टोक देत असेल, तर आधी दुसरं मागून घ्या. देव काही त्याने रागावत नाही. रागावलाच कुणी, तर तो देव नव्हे, एवढं नक्की समजा.